खडूचे गोल

६ जानेवारी

“जेवताना तुम्ही भट्टीबद्दल जेवढं बोलता, तेवढं लिहून काढलंत तर मला एकदा तरी गरम जेवण मिळेल,” असं म्हणून बायकोने ही डायरी माझ्या हातात ठेवली. तेव्हा लिहितो. आणि सुरुवातीलाच बातमी मोठी आहे. बारकीने मला काम दिलं.

बारकी म्हणजे बायकोची लेक. नावालाच बारकी. उंचीने माझ्यापेक्षा टीचभर जास्त, आणि गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर लोखंड उचलून दंड असे झालेत की बरणीचं झाकण अडलं की घरात तिलाच हाक मारतात. नाव तिच्या वडिलांनी ठेवलेलं. ते गेल्यानंतर काही वर्षांनी मी दोन बॅगा आणि एक टेबलफॅन घेऊन या घरात आलो. ते नाव मी तोंडाने कधी घेत नाही, ते त्यांचं. इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण ऐकतंय?

पोर माझ्याशी फार चांगली वागते. मिठाची बाटली सरकवली तरी “थँक्यू काका”. दार उघडलं तरी “थँक्यू काका”. आवाज चढवून बोललेली मला आठवत नाही. आईशी मात्र रोज कडाक्याचं. काल आई दुकानात छत्री विसरून आली, तर ही म्हणाली, “आई, डोकं कुठे ठेवून आलीस?” आई म्हणाली, “छत्रीबरोबरच राहिलं.” मग दोघी हसत बसल्या. मीही हसलो, पण जरा बाजूला बसून.

तर काम असं. मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक जुनी स्पोर्ट्‌स कार आहे. लाल, दोन सीटची, इतकी बुटकी की आत बसायचं तर आधी गुडघ्यांची परवानगी काढावी लागते. बापलेकीने मिळून ती उघडली होती, आणि मग वडील आजारी पडले ते उठलेच नाहीत. पुढच्या महिन्यात गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर हौशी लोकांनी गाड्या पळवायचा दिवस आहे. वडिलांना ही गाडी तिथे न्यायची होती. आता बारकी नेणार आहे.

“काका, वेळ असेल तर गाडीचे खालचे भाग पावडर कोटिंग करून द्याल का? नसेल तर काही हरकत नाही, मी बाहेरून करून घेईन.”

वेळ! माझ्या दुकानात पावडरचा रंग उडवून भट्टीत भाजायला येतात ती गेटं, खिडक्यांच्या जाळ्या आणि बागेतल्या खुर्च्या. वेळेला काय तोटा? मी “बघू या” म्हणालो आणि स्वयंपाकघरात जाऊन बायकोला मिठी मारली. ती म्हणाली, “भाजेल हो! हातात कढई आहे.”

९ जानेवारी

भाग आले. बारकी आणि तिच्या वर्कशॉपमधला एक जण टेम्पोतून घेऊन आले. त्याला सगळे उंच्या म्हणतात. दुकानात शिरताना त्याने दोनदा डोकं आपटलं, तेव्हा कारण विचारायची गरज पडली नाही.

दोन सबफ्रेम आहेत, म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या लोखंडी चौकटी, एक पुढची आणि एक मागची. इंजिन आणि चाकं यांनाच बोल्टने जोडलेली असतात. शिवाय चाकं धरून ठेवणारे आर्म. गेट मोडलं तर फार तर कुत्रं आत शिरतं. हे मोडलं तर आतला माणूस जातो. हात लावतानाच मला जरा घाम फुटला.

रंगाचं कार्ड काढून मी चकचकीत काळा सुचवला. तिला फिकट राखाडी हवा. “फिकट रंगावर तडा गेलेला लगेच दिसतो, काका.” आजवर एकाही गिऱ्हाइकाने मला तडा दिसावा म्हणून रंग मागितला नव्हता. रोज नवं शिकायला मिळतंय, तेही घरच्या माणसाकडून.

प्रत्येक बोल्टच्या भोकाभोवती, आणि एक भाग दुसऱ्यावर जिथे टेकतो तिथे, तिने पांढऱ्या खडूने नीट गोल केलेत. “गोल केलेत तिथलं तेवढं बघाल ना, काका?”

“काळजीच सोड,” मी म्हणालो. खडूच्या गोलांत तर माझं आयुष्य गेलं. गेट घेऊन गेलेलं गिऱ्हाईक परत येतं, ते जिथे जिथे रंग बसला नाही तिथे खडूने गोल करूनच. गोल दिसला की समजायचं, इथे मालकाचा जीव अडकलाय, इथे हात राखायचा नाही.

१४ जानेवारी

चार दिवस दुसरं काही केलं नाही. वाळूच्या माऱ्याखाली खडू उडून जाणार हे माहीत होतं, म्हणून आधीच सगळ्या गोलांचे फोटो काढून ठेवले. जुना रंग आणि गंज निघाला आणि लोखंड उघडं पडलं, तेव्हा वेल्डिंगच्या रेघा दिसल्या. काही एकसारख्या, एका दमात ओढलेल्या. त्यांच्याच शेजारी काही वाकड्या, मध्येच थांबलेल्या, पुढे पुढे सुधारत गेलेल्या. एक शिकवणारा हात आणि एक शिकणारा. मी बराच वेळ बघत बसलो. त्या माणसाला मी कधी भेटलो नाही, पण त्याने इतकं मन लावून केलेल्या कामावर शेवटचा हात माझा फिरणार, याबद्दल मी त्याचे मनातल्या मनात आभार मानले.

धुतलं, वाळवलं, बोल्टच्या आट्यांत रबरी बुचं बसवली. आटे रंगाने भरले तर बोल्ट जाणार नाही, एवढं तर बिजागरीवाल्यालाही कळतं. मग गन हातात घेतली. अर्थिंग नीट असलं की पावडर आपणहून लोखंडाकडे धावते, लहान मूल आईकडे धावतं तशी. एवढी वर्षं झाली, मला अजून त्याची मजा वाटते.

आणि गोलांच्या जागी खास काम केलं. पहिला थर भट्टीत भाजून घेतला आणि भाग गरम असतानाच तिथे दुसरा थर दिला. एका गोलाला विसरलो नाही. पाण्याचा थेंब आत शिरणार नाही. बोल्ट जिथे बसतो तिथेच गंज आधी धरतो, मी काय काल जन्मलो?

१६ जानेवारी

भाग सुपूर्द केले. मी मुद्दाम पांढरी चादर अंथरून वर मांडले होते.

बारकी एकेका भागाजवळ वाकली. बोल्टच्या भोकांभोवती बोट फिरवत राहिली, फिरवतच राहिली. उंच्या म्हणाला, “पण तू तर खडूने गोल केले होतेस ना, मग हे…” आणि एकदम खोकला. तिचा कोपर त्याला लागला असावा. दुकान लहान आहे आणि तो फार लांबडा.

“सगळ्या गोलांना दोन-दोन थर दिलेत,” मी सांगितलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांत पाणी होतं की काय कोण जाणे. मग म्हणाली, “खूप सुंदर झालंय, काका. खरंच. इतकं मनापासून कुणी केलं नसतं. थँक्यू.”

आज जेवण गेलं नाही, इतकं पोट भरलं होतं.

२१ जानेवारी

जोडणी अजून सुरू झालेली नाही. बोल्ट आले नाहीत म्हणते. उंच्या मात्र रोज संध्याकाळी येतो आणि दोघं शेडचं दार लोटून आत असतात. परवा तिने माझ्याकडून जुनं खरवडणं मागून नेलं, आज सॅंडपेपर. “कशाला गं?” तर म्हणे, “असंच, किरकोळ काम आहे.” जेवायला येते ती केसांत राखाडी धूळ आणि बोटांना चिकटपट्ट्या घेऊन. मी तिला लाकडी मुठीची माझी चांगली कानस दिली. “थँक्यू काका,” म्हणाली आणि मान खाली घातली.

मला काय ते कळलं. आम्हीही तरुण होतो.

२५ जानेवारी

बायकोला विश्वासात घेतलं. म्हटलं, पोरगी प्रेमात आहे. बोल्ट यायचे नाहीत आणि गाडी जोडायची नाही, म्हणजे संध्याकाळी संपत नाहीत.

बायको बारकीची पँट धुवायला टाकत होती. खिसा उलटा केला तर राखाडी रंगाचे कपचे भुरभुर खाली पडले. तिने ते तळहातावर घेतले, मला दाखवले आणि विचारलं, “हे प्रेम का?”

“शेडमध्ये जुनं सामान असतं, कशाचे तरी असतील.”

“तुमच्याच भट्टीतला रंग दिसतोय.”

“राखाडी रंग काय माझ्या एकट्याच्या मालकीचा आहे?”

तिने हात झटकले. म्हणाली, “तुम्ही दोघं एकमेकांना इतकं जपता ना, की मला मध्ये घुसमटायला होतं.” बायकांचं बोलणं कधी कधी ताकास तूर लागू देत नाही. पण जपतो म्हणाली, ते बरं वाटलं.

३० जानेवारी

दुधात साखर! फोनमधले भागांचे फोटो मी चहाच्या टपरीवर दाखवत होतो (तीन-चारदाच), तर शेजारी मोठ्या मिशांचे एक गृहस्थ. त्यांचीही तसलीच स्पोर्ट्‌स कार, त्याच दिवशी त्याच धावपट्टीवर नेणार. म्हणाले, असं काम कुठे मिळतं? आणि दुपारी त्यांच्या सबफ्रेम आणि आर्म माझ्या दुकानात हजर.

बारकी आणि उंच्या वर्कशॉपच्या कामाला बाहेरगावी गेलेत, नाहीतर धावत जाऊन सांगितलं असतं. परत आली की चकित करीन. मिशीवाल्यांनी गोल वगैरे काही केले नव्हते, पण आता मला कुणी सांगायची गरज नाही. जिथे जिथे बोल्ट, तिथे दोन थर. या वयात नवा धंदा सुरू होतोय आणि तो पोरीमुळे होतोय. तिचे उपकार फेडायचे कसे, ते सुचत नाही.

४ फेब्रुवारी

क्रमाने लिहितो.

सकाळी मिशीवाल्यांचे भाग दिले. संध्याकाळी बारकी परत आली. जेवायला बसलो आणि मी बातमी फोडली. कुणाची गाडी, कुठले भाग, कसे प्रत्येक बोल्टखाली दोन थर, आणि मिशीवाले कसे इतके उतावीळ की रातोरात जोडून उद्या सकाळी बायकोला शेजारी बसवून चक्कर मारणार आहेत.

बारकीचा घास हातात राहिला. “बोल्टखाली?”

“तुझ्यासारखेच. तुझ्यापेक्षा चांगले.”

ती उठली. खुर्ची मागे पडली, ती उचलली नाही.

“काका, डोकं कुठे ठेवून आलात?”

मी खुर्ची उचलायला वाकलो.

“बोल्टखाली रंग चालत नाही! रंग तो रंगच! कितीही आवळा, खाली तो दबत राहतो. इंजिन तापलं, गाडी हादरली की आणखी दबतो आणि बोल्ट सैल होतो. लोखंडाला लोखंड भिडायला लागतं, काका! तेवढ्याचसाठी गोल केले होते मी. तिथे रंग लावायचाच नव्हता! दोन-दोन थर! वळणावर चाक सुटलं तर काय करणार आहात?”

मिशीवाल्यांची बायको शेजारच्या सीटवर बसलेली डोळ्यांसमोर आली. आणि मग, का कोण जाणे, माझाही आवाज चढला. “मग सांगितलं का नाहीस? तोंड नाही का तुला, बारके? सुंदर झालंय म्हणालीस! थँक्यू म्हणालीस! दोन आठवडे माझीच कानस नेऊन माझाच रंग खरवडत होतीस, आणि मी इकडे गावभर फोटो दाखवत फिरतोय!”

“कशी सांगणार होते? चादर अंथरली होती तुम्ही!” आणि ती रडायला लागली. रडत रडतच ओरडत होती. “तुम्हाला वाईट वाटलं असतं!”

“वाटू दे की! वाईट वाटून कुणी मरत नाही. चाक सुटून मरतात!”

बायको दारात उभी होती. तिने आधी मुलीची चप्पल पुढे सरकवली, मग माझी. म्हणाली, “वाद गाडीत घाला. पत्ता कुठाय त्या माणसाचा?”

मिशीवाले गॅरेजमध्ये गाडीखाली झोपून शेवटचे बोल्ट आवळत होते. मी बारकीला बोलू दिलं नाही. म्हटलं, चूक माझी आहे, गाडी जागची हलवू नका. ते बाहेर आले आणि माझ्याबद्दल बरंच काही बोलले. ते इथे लिहीत नाही, पण त्यात खोटं काही नव्हतं. मग बारकीने त्यांना एक बोल्ट सोडवून दाखवला. वॉशरखाली रंग आत्ताच चिरडून कडेला आला होता. गाडी एक फूटही चालली नव्हती. त्यांची बायको दारात उभी होती, तिच्याकडे त्यांनी एकदा बघितलं आणि मला म्हणाले, “सांगायला आलात, बरं झालं.”

घराजवळ आल्यावर मला आठवलं की मी तिला बारके म्हणालो. तिने काही म्हटलं नव्हतं.

५ फेब्रुवारी

सकाळी तिने मला शेडमध्ये नेलं. गाडी स्टँडवर चढवलेली, मागची चौकट जागेवर बसलेली, पुढची अजून खाली. मी गाडीखाली सरकलो. चौकटीच्या फिकट राखाडी रंगात प्रत्येक बोल्टभोवती लोखंडाचं एक बारीक चमकतं कडं. कुठे ओरखडा बाहेर गेलेला नाही, कुठे माझ्या रंगाची कड तुटलेली नाही. माझं काम वाचवत वाचवत माझी चूक काढली होती तिने. मला खाली झोपूनच रडू आलं, आणि गाडीखाली रडलं की पाणी कानात जातं हे कळलं.

“आधीच सांगायला हवं होतं मी,” ती बाहेरून म्हणाली. “तो माणूस आज सकाळी…”

“मी विचारायला हवं होतं, गोल कशाचे ते.”

“हो, हवंच होतं,” ती म्हणाली. आधीची बारकी ‘नाही नाही काका’ म्हणाली असती.

उंच्या चहा घेऊन आला आणि चौकटीला डोकं आपटून घेतलं. सोबत त्याची बायको होती आणि तिच्या कडेवर दोन दात आलेलं पोर. ती मला म्हणाली, “काका, आता तरी यांना संध्याकाळी घरी सोडाल ना?” तर त्या बाबतीतही माझा अंदाज असा चुकलेला. घरी बायकोला यातलं काही सांगणार नाही, असं ठरवलं होतं, पण जेवताना बोलून गेलो.

९ फेब्रुवारी

मिशीवाल्यांचे भाग पुन्हा केले, यावेळी दोघांनी मिळून. पुन्हा वाळू, पुन्हा धुणं. ती जागा दाखवत होती आणि मी भट्टीत टिकणारी चिकटपट्टी गोल कापून लावत होतो. दिवसभर बोलणी खाल्ली. “कड सुटलीय.” “तिथे नाही, काका, पलीकडे. आता सांगितलं ना?” “चष्मा लावा आधी.” मीही सोडलं नाही. गन कशी धरायची ते तिला येत नाही, झाडाला पाणी घातल्यासारखी धरते, ते मी चांगलं सुनावलं. दुपारी एकाच डब्यातून जेवलो. मीठ कमी होतं. मी बाटली सरकवली, तिने घेतली आणि काही बोलली नाही.

भट्टीचं दार उघडलं तेव्हा चिकटपट्ट्या काढायचं काम तिने मला दिलं. राखाडीतून एकेक लोखंडी गोल उघडा पडत गेला. सगळं झाकायची सवय असलेल्या माणसाला ते बघवत नाही आधी, पण मग बरं वाटतं.

१७ फेब्रुवारी

काल धावपट्टीवर गेलो होतो. मिशीवाले सपत्नीक होते, दुरून हात केला.

बारकीचा नंबर दुपारी आला. हेल्मेट घालायच्या आधी तिने गाडीच्या छपरावर दोनदा थाप मारली. तिचे वडील मारायचे म्हणे, बायकोने मला हळूच सांगितलं. मग ती निघाली. पहिल्या वळणावर मी डोळे मिटले. दुसऱ्या वळणावर बायकोने कोपराने ढोसलं, म्हणून उघडले. लाल गाडी वळणात झुकली, सावरली आणि सरळ रस्त्याला लागून अशी काही गेली की माझ्या तोंडून आवाज निघाला. बायको म्हणते शिट्टी होती. माझ्या मते ती किंकाळी होती.

ती परत आली, इंजिन बंद केलं, गाडी जॅकवर चढवली आणि हेल्मेटसुद्धा न काढता पाना घेऊन गाडीखाली सरकली. मी शेजारी आडवा झालो. एकेका बोल्टला ती पाना लावत होती आणि मी वर बघत होतो. एकही हलला नाही. आमच्या तोंडावर सावली होती, बाहेर लोक टाळ्या वाजवत होते, दुसऱ्याच कुणासाठी.

“बाबांच्या वेल्ड बघितल्यात?” तिने विचारलं.

“पहिल्याच दिवशी. आणि तुझ्याही. सुरुवातीच्या फार वाकड्या आहेत.”

ती हसली, मग बाहेर सरकली आणि हेल्मेट काढलं. मीही सरकलो आणि खांदा एक्झॉस्टच्या पाइपला टेकला. सदरा जळाला, थोडं कातडंही.

“काका! किती वेळा सांगितलं, गरम असतो तो! लहान आहात का? आई, पाणी आण गं, यांनी भाजून घेतलं. भट्टीवाला माणूस आणि पाइप कळत नाही!” पाणी ओतत होती, फुंकर घालत होती, आणि तोंड चालूच होतं. आजूबाजूचे बघायला लागले.

मी म्हणालो, “थँक्यू.”

“थँक्यू कसलं? हात वर करा.”

मी हात वर केला.